डायरीत तारीख आहे, काम कुठे आहे? (छोट्या वकिली ऑफिसची घडी)

दप्तरी

जिल्हा आणि तालुका न्यायालयांत काम करणाऱ्या छोट्या ऑफिसांसाठी हा धागा काढतो आहे. एक सिनियर, दोन-तीन ज्युनिअर, एक कारकून, एक टायपिस्ट आणि ४००च्या आसपास चालू प्रकरणं, असं ऑफिस डोळ्यांसमोर ठेवलं आहे. मोठ्या सॉलिसिटर फर्मचा विषय वेगळा, तो इथे नको.

अशा ऑफिसात वेळ वाया जातो म्हणून नवा संगणक, नवं सॉफ्टवेअर घेतलं जातं आणि सहा महिन्यांनी सगळे परत जुन्या डायरीवर येतात. याचं कारण डायरीतच आहे. वकिलांच्या छापील डायरीत मागील तारीख, न्यायालय, प्रकरण क्रमांक, पक्षकार, टप्पा आणि पुढील तारीख एवढे रकाने असतात. म्हणजे तारीख नोंदवली जाते. त्या तारखेआधी काय करायचं, कोणी करायचं आणि कधीपर्यंत, हे कुठेच लिहिलेलं नसतं. ते सिनियरच्या डोक्यात असतं. मग आदल्या रात्री ९ वाजता फाइल उघडली की कळतं, शपथपत्रावर सही करायला पक्षकार आलाच नाही आणि तो तर ६० किलोमीटरवरच्या गावात आहे. सकाळी मुदतीचा अर्ज, त्यावर खर्च, आणि काम पुढच्या तारखेला जसंच्या तसं उभं.

म्हणून आधी तीन रकाने वाढवावेत: पुढचं काम, कोणाकडे, आतली तारीख. सॉफ्टवेअरचा विचार त्यानंतर.

‘पुढचं काम’ क्रियापदाने संपलं पाहिजे. ‘पुरावा’ हा टप्पा झाला, काम नव्हे. ‘वादीच्या साक्षीदार क्र. २ चं सरतपासाचं शपथपत्र टाइप करून सही घेणे’ हे काम (सरतपास म्हणजे साक्षीदाराची त्याला बोलावणाऱ्या बाजूने घेतलेली मूळ साक्ष). ‘नि. ५’ (निशाणी ५, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज) एवढं लिहून भागत नाही. ‘नि. ५ च्या अर्जाला म्हणणं तयार करणे, मोजणी नकाशाची नक्कल जोडणे’ असं हवं.

‘कोणाकडे’ या रकान्यात एकच नाव. दोन नावं लिहिली की दोघेही दुसऱ्यावर विसंबतात.

‘आतली तारीख’ ही न्यायालयाच्या तारखेवरून उलट मोजायची. कैफियतीचा (प्रतिवादीच्या लेखी उत्तराचा) कच्चा मसुदा १० दिवस आधी, सिनियरची दुरुस्ती ६ दिवस आधी, पक्षकाराची सही ३ दिवस आधी. उलटतपासाचे मुद्दे आणि दाखवायच्या निशाण्यांची (पुराव्यातल्या क्रमांक दिलेल्या कागदांची) यादी ५ दिवस आधी. साध्या मुदतीच्या तारखेला आतली तारीख लागत नाही, तिथे रेघ मारावी. पण रकाना रिकामा ठेवू नये. रिकामा रकाना म्हणजे विचारच झालेला नाही.

हे भरायचं कधी? न्यायालय उठल्यावर, त्याच संध्याकाळी. ४०० प्रकरणांना सरासरी ४५ दिवसांची तारीख धरली तर महिन्याला साधारण २६७ तारखा होतात, आणि कामाचे २२ दिवस धरले तर रोजची १२ प्रकरणं. प्रत्येकी दीड मिनिट म्हणजे १८ मिनिटं. सिनियर, ज्युनिअर आणि कारकून एकत्र बसावेत, फाइल हातात असावी, फोन बाजूला. ही १८ मिनिटं रोज झाली नाहीत तर बाकी काहीही आणलं तरी उपयोग होत नाही.

---

पुकारा

दप्तरीसाहेब, मुद्दा पटला. एक भर घालतो आणि एका गोष्टीला विरोध नोंदवतो.

भर अशी की प्रकरणाची ओळख सीएनआर क्रमांकाने ठेवा, म्हणजे ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संगणक प्रणालीत प्रत्येक प्रकरणाला मिळणाऱ्या क्रमांकाने. ‘रे.दि.मु. ११२/२०२४’ (रेग्युलर दिवाणी मुकदमा) असा क्रमांक प्रत्येक तालुक्यात असू शकतो. सीएनआर १६ अक्षरांचा आणि देशभरात एकमेव असतो: पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, मग दोन आकडे न्यायालयाच्या आस्थापनेचे, सहा आकडे अनुक्रमाचे आणि शेवटचे चार वर्षाचे. ऑफिसच्या संगणकावरच्या तक्त्यात हा पहिला रकाना ठेवला की दुबार नोंद लगेच पकडता येते. अपील, दरखास्त (हुकूमनामा अंमलात आणण्याचा अर्ज) आणि मूळ दावा यांचे सीएनआर वेगळे असतात, म्हणून ‘संबंधित प्रकरण’ असा आणखी एक रकाना हवा. दरखास्तीत हजर राहायचं आणि अपिलात स्थगितीची मुदत संपलेली, हा घोटाळा त्या एका रकान्याने टळतो.

विरोध ‘सॉफ्टवेअरचा विचार नंतर’ या वाक्याला. ई-कोर्ट्सचं मोफत ॲप पहिल्या दिवसापासून वापरायला काय हरकत आहे? ‘माझी प्रकरणं’ या यादीत सीएनआर टाकून ठेवले की पुढची तारीख आपोआप दिसते.

---

दप्तरी

पुकारा, ॲप जरूर वापरावं, पण पडताळणीसाठी. मूळ नोंद त्यावर ठेवू नये. त्यातली तारीख न्यायालयातल्या कर्मचाऱ्याने संगणकात भरल्यावरच दिसते. बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) मोठा असला की ती संध्याकाळी उशिरा किंवा दुसऱ्या दिवशीही भरली जाते. न्यायाधीश रजेवर असले की सगळ्या बोर्डाला एकगठ्ठा तारीख पडते आणि नंतर त्यातली काही बदलतात.

क्रम असा ठेवावा: न्यायालयात ऐकलेली तारीख कागदी डायरीत, संध्याकाळी तक्त्यात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ज्युनिअरने ॲपशी ताडून पाहायची. फरक दिसला तर प्रकरणाच्या इतिहासात त्या दिनांकावर बोट ठेवून कामकाजाची नोंद वाचायची. तरीही शंका राहिली तर कारकुनाने त्याच दिवशी न्यायालयात जाऊन रोजनामा (कामकाजाची न्यायालयाची मूळ नोंद) पाहायचा. रोजनाम्यात आहे ते प्रमाण. ऐकताना चुकलेली तारीख एका दिवसात सापडली तर काही बिघडत नाही. महिन्याने सापडली तर दावा काढून टाकल्याचा हुकूम आधी सापडतो.

आणखी एक: ‘माझी प्रकरणं’ ही यादी त्या फोनमध्येच साठते. फोन हरवला की यादी गेली. ॲपमध्ये यादी निर्यात करायची सोय आहे. महिन्यातून एकदा ती फाइल काढून ऑफिसच्या संगणकावर ठेवावी.

दर शनिवारी तक्त्यात एक गाळणी लावायची: पुढील तारीख रिकामी आहे किंवा उलटून गेली आहे अशी सगळी प्रकरणं. तिथे काय सापडतं ते पाहा. वरच्या न्यायालयाची स्थगिती असलेले दावे, रेकॉर्ड अपिलात गेलेले दावे, समन्स न बजावता परत आलेले, न्यायालय बदललेले. यांना कोणीच वाली नसतो, कारण ते कुठल्याच दिवसाच्या पानावर नसतात. अशा प्रत्येक प्रकरणाला आपणच ३० दिवसांची आतली तारीख द्यायची: ‘स्थिती पाहणे’.

---

नक्कलविभाग

तारखांची डायरी आणि मुदतीची नोंदवही वेगळ्या ठेवा, हे मी आग्रहाने सांगेन. न्यायालयाची तारीख चुकली तर अर्ज करून सावरता येतं. कायद्याची मुदत चुकली तर काही ठिकाणी दारच बंद होतं. मुदतीच्या वहीत रकाने असे: कशाची मुदत, घड्याळ कशाने सुरू झालं, त्याचा पुरावा कुठे आहे, शेवटचा दिवस, पहिल्या व्यक्तीने मोजला, दुसऱ्या व्यक्तीने मोजला. दोघांनी एकमेकांचं न पाहता मोजायचं.

जिथे ऑफिसं अडकतात त्या जागा लिहिते.

*कैफियत.* दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ नियम १ प्रमाणे समन्स बजावल्यापासून ३० दिवस, न्यायालयाच्या परवानगीने ९० पर्यंत. वाणिज्यिक दाव्यात १२० दिवस ही शेवटची हद्द, त्यानंतर कैफियत दाखल करण्याचा हक्कच जातो. २०१८ पासून वाणिज्यिक वादाची किमान रक्कम ३ लाख आहे, त्यामुळे लहान व्यापाऱ्याचा दावाही त्यात बसू शकतो. घड्याळ समन्स बजावलेल्या दिवसापासून चालतं. वकीलपत्र दिलेल्या दिवसाशी त्याचा संबंध नाही. पक्षकार समन्स घेऊन २० दिवसांनी येतो आणि ऑफिस त्या दिवसापासून मोजायला लागतं, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. पहिल्या भेटीतच ‘हा कागद हातात कोणत्या तारखेला मिळाला?’ असं विचारून लिहून घ्यावं.

*चेकची प्रकरणं.* यात दिवस आणि महिना यांची सरमिसळ होते. उदाहरण घेऊ. चेक न वटल्याचं बँकेचं पत्र ५ मार्चला मिळालं. तो दिवस वगळून ३० दिवस, म्हणजे नोटीस ४ एप्रिलपर्यंत पाठवायची. नोटीस १० एप्रिलला बजावली गेली. पैसे देण्याचे १५ दिवस २५ एप्रिलला पूर्ण. पैसे आले नाहीत तर तक्रारीचं कारण २६ एप्रिलला घडलं, आणि तिथून एक महिना, म्हणजे २६ मेपर्यंत तक्रार. इथे महिना हा कॅलेंडरचा महिना, ३० दिवस नव्हेत. आणि १५ दिवस पुरे व्हायच्या आत घाईने दाखल केलेली तक्रार टिकत नाही. त्यामुळे वहीत ‘याआधी नको’ आणि ‘यानंतर नको’ अशा दोन्ही तारखा लिहाव्यात. टपालाच्या संकेतस्थळावरची पोच बजावणीच्याच आठवड्यात जतन करून ठेवावी. त्या संकेतस्थळावर जुनी नोंद कायम राहत नाही.

*लवादाचा निवाडा.* तो रद्द करण्याच्या अर्जाला लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली ३ महिने, आणि पुरेसं कारण असेल तर आणखी ३० दिवस. त्यापुढे एक दिवसही नाही. ३ महिने म्हणजे ९० दिवस असं धरू नये. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दाखल करायची सवलत मूळ ३ महिन्यांना आहे, वाढीव ३० दिवसांना ती लागू होत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे फार महागात पडतं.

*अपील आणि नक्कल.* हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. वाणिज्यिक प्रकरणात ६०. नक्कल मिळवायला लागलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे वगळला जातो, पण नक्कल तयार झाल्यापासून आपण ती उचलेपर्यंतचे दिवस त्यात धरता येत नाहीत. तसंच अर्ज करण्याआधी न्यायालयाला हुकूमनामा तयार करायला जे दिवस लागले, तेही वगळले जात नाहीत. म्हणून निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज करावा. वहीत तीन तारखा: अर्ज केला, तयार झाली, हाती आली. विभागात ‘तयार’ असा शेरा पडतो आणि कारकून पुढच्या खेपेला उचलू म्हणतो. त्या खेपेपर्यंतचे दिवस पक्षकाराच्या मुदतीतून जातात.

*ग्राहक आयोग.* लेखी म्हणणं ३० दिवस अधिक १५. घटनापीठाच्या २०२०च्या निकालानंतर यापुढे वाढ नाही.

*कॅव्हेट.* म्हणजे आपलं ऐकल्याशिवाय हुकूम होऊ नये म्हणून आधी दिलेली सूचना. ते ९० दिवसांनी संपतं. ८०व्या दिवशी पक्षकाराला ‘पुन्हा दाखल करायचं का’ असं विचारायची नोंद आधीच करून ठेवावी.

---

कृष्णाकाठ

नक्कलविभागताई, ही पोस्ट छापून भिंतीवर लावण्यासारखी आहे.

आमच्याकडच्या ऑफिसांपुढे एक नवा प्रश्न आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्यात आले. आधी अपिलाचे कागद मुंबईच्या वकिलांकडे जायचे. आता बरीच जिल्ह्याची ऑफिसं स्वतः उभी राहतात. एकाच माणसाचं नाव एकाच दिवशी दोन बोर्डांवर येतं. उच्च न्यायालयाचा बोर्ड आदल्या संध्याकाळी समजतो, तोवर जिल्ह्यातला साक्षीदार बोलावून झालेला असतो. कशी मांडणी करावी?

---

पुकारा

तक्त्यात ‘हजर कोण’ हा रकाना ‘काम कोणाकडे’पेक्षा वेगळा ठेवा. उलटतपास आणि अंतिम युक्तिवाद यांना वेगळा रंग द्या. ही दोन कामं आयत्या वेळी ज्युनिअरकडे ढकलता येत नाहीत. बाकी बहुतेक टप्पे येतात. दर शुक्रवारी पुढच्या दोन आठवड्यांचा तक्ता माणसागणिक लावून पाहायचा. एका माणसाच्या नावावर एका दिवशी दोन रंगीत कामं दिसली तर एकाचा बदल तेव्हाच ठरवायचा आणि दुसऱ्या बाजूच्या वकिलांना तेव्हाच कळवायचं. साक्षीदार ४० किलोमीटर येऊन परत गेला की पुढच्या वेळी तो येत नाही, आणि त्याचा भुर्दंड पक्षकाराला बसतो.

उच्च न्यायालयात दाखल करताना दुसरी अडचण भाषेची. खालच्या न्यायालयातले मराठी कागद तिथे इंग्रजी भाषांतरासह लागतात. अपिलाची शक्यता दिसली की महत्त्वाच्या १०-१५ निशाण्यांचं भाषांतर आधीच सुरू करावं. स्थगितीच्या अर्जाच्या वेळी ३० पानांचं भाषांतर एका रात्रीत होत नाही. झालंच तर त्यात गट नंबर चुकतात.

---

सातबारा

भाषेवरून फाँटचा विषय काढतो, कारण मराठी ऑफिसांचा सगळ्यात जास्त वेळ इथे सांडतो आणि कोणी त्याबद्दल बोलत नाही.

श्री-लिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला दावा पडद्यावर मराठी दिसतो. संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, फक्त वर मराठी अक्षराचं चित्र चढवलेलं असतं. त्यामुळे ‘वहिवाट’ असं शोधलं की काहीच सापडत नाही. दुसऱ्याच्या संगणकावर तो फाँट नसला की अगम्य चिन्हं दिसतात. पीडीएफ केली तरी दिसायला ठीक, पण आतला मजकूर शोधता येत नाही. ई-फायलिंगला शोधता येणारी पीडीएफ मागितली जाते, तिथेही ही फाइल अडते.

उपाय असा. जुने हजारो मसुदे एकदम बदलू नका, त्यात महिने जातील. ऑफिसात खरे वापरात असलेले नमुने ३०-४०च असतात: मनाईचा दावा, वाटपाचा दावा, नि. ५, मुदतीचा अर्ज, वकीलपत्र, नोटीस, सरतपासाचं शपथपत्र, वारस अर्ज, नकलेचा अर्ज. तेवढे रूपांतर साधनातून युनिकोडमध्ये (कोणत्याही संगणकाला मराठी म्हणूनच कळणाऱ्या पद्धतीत) आणा आणि एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ कागदावर पाहायचं. चुका ठरलेल्या जागी होतात: रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ तुटतात, पहिली वेलांटी चुकीच्या अक्षराला चिकटते, आकड्यांच्या जागी चिन्हं येतात. नावं, गट नंबर, क्षेत्र, चतु:सीमा आणि रकमा परत तपासायच्याच. जुनी फाइल पुसायची नाही, ‘जुने’ या फोल्डरमध्ये ठेवायची.

टायपिस्टला नवी मांडणी शिकायची सक्ती करू नका. टाइपरायटरच्या मांडणीत बोटं बसलेल्या माणसाला त्याच मांडणीने युनिकोड टाइप करता येईल अशी साधनं आहेत. ती दिली की वेग टिकतो. इनस्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी नव्याने लागणाऱ्या माणसाला शिकवावी.

फाइलींच्या नावांबद्दल थोडं. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी सुरुवातीला, मग कागद कशाचा, मग कोणाचा: ‘२०२५-०९-०४ कैफियत प्रतिवादी-२ दाखल’. आकडे सगळ्या ऑफिसात एकाच लिपीत. अर्ध्या फाइली रोमन आकड्यांनी आणि अर्ध्या देवनागरी आकड्यांनी सुरू झाल्या तर दोन वेगळे गठ्ठे होतात. विंडोजमध्ये तिरकी रेघ फाइलीच्या नावात चालत नाही, म्हणून ११२/२०२४ ऐवजी ११२-२०२४. फोल्डरात फोल्डर चार पातळ्यांपुढे नेऊ नका. मार्गाची (फोल्डरांसह फाइलीच्या पूर्ण पत्त्याची) एकूण लांबी २६० अक्षरांपुढे गेली की विंडोजमध्ये फाइल उघडायला, हलवायला नकार येतो, आणि मराठीत वेलांटी, काना, हलन्त हे प्रत्येक वेगळं अक्षर म्हणून मोजलं जातं. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम खरा’ अशा नावांऐवजी तीनच शब्द: मसुदा, तपासलेला, दाखल. ‘दाखल’ असलेली फाइल पुन्हा उघडून त्यावरच लिहायची नाही.

---

मोहोर

स्कॅनिंगचं मी सांगतो. ३०० डीपीआय (इंचामागे ३०० ठिपके) पुरे. टाइप केलेला स्वच्छ कागद काळ्या-पांढऱ्यात, पुसट शिक्के आणि कार्बन प्रती करड्या छटेत, मोजणी नकाशा आणि फोटो रंगीत. ३०० डीपीआयला ए-४चं एक रंगीत पान दाबण्याआधी सुमारे २६ एमबी होतं, करड्या छटेत सुमारे ९ आणि काळ्या-पांढऱ्यात जेमतेम १. सगळंच रंगीत घेतलं की फाइल फुगते, मग ती लहान करायला एवढी दाबतात की तलाठ्याचा शिक्काच वाचता येत नाही.

क्रम: टाचण्या काढा, पानं मोजा, पेन्सिलीने कोपऱ्यात आकडे घाला, स्कॅन करा, परत मोजा. पाठपोट मजकूर असलेली पानं हमखास सुटतात, विशेषतः फेरफार उतारे आणि मुद्रांकाच्या मागचे शेरे. कागद फाइलीत परत लावायच्या आधी मोजणी जुळली पाहिजे.

मग ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून शोधता येणारा मजकूर करणं. टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठी ओळखतं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा एकत्र निवडाव्यात, नाहीतर इंग्रजी नावं आणि आकडे मोडतात. छापील कागदाला हे चांगलं चालतं. हस्तलिखित, मोडी दस्त आणि जुन्या टंकलेखनाच्या तिसऱ्या-चौथ्या कार्बन प्रतींना चालत नाही. अशा प्रत्येक दस्ताची दोन ओळींची माहिती हाताने टाइप करून ठेवा: दिनांक, प्रकार, कोणी कोणाला, गाव, गट किंवा सर्व्हे नंबर. ३० वर्षांच्या शोध अहवालात ८० दस्त असतील तर याला एक दुपार लागते. ती दुपार वाचवली की पुढे दर वेळी अख्खा गठ्ठा चाळावा लागतो.

दाखल करायच्या पीडीएफचा क्रम चुकवू नका: आधी पान क्रमांक, मग ओसीआर, मग बुकमार्क, आणि डिजिटल सही सगळ्यात शेवटी. सही झाल्यावर पानं जोडली किंवा फाइल दाबली की सही अवैध दाखवते.

हेच डिजिटल सहीच्या सातबाऱ्याला लागू. महाभूमीवरून उतरवलेली मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवा. ती ‘प्रिंट’ करून पुन्हा पीडीएफ केली, किंवा इतर कागदांत मिसळली, की सही निघून जाते आणि उरतं फक्त चित्र. पक्षकार व्हॉट्सॲपवर सातबाऱ्याचा फोटो पाठवतो. त्यावर दावा लिहायला बसू नका, नवा उतारा स्वतः काढा. मधल्या काळात फेरफार झालेला असू शकतो.

---

कृष्णाकाठ

पक्षकारांच्या फोनबद्दल कोणी सांगाल का? दिवसाचे दोन तास ‘साहेब, तारखेचं काय झालं?’ यात जातात.

---

नक्कलविभाग

संध्याकाळच्या त्या १८ मिनिटांतच प्रत्येक पक्षकाराला चार ओळींचा संदेश गेला पाहिजे. पहिली ओळ सगळ्यात महत्त्वाची: ‘पुढच्या तारखेला आपण येण्याची गरज आहे / नाही.’ मग आज काय झालं, मग पुढील तारीख, मग काय आणायचं आणि कोणत्या दिवसापर्यंत. ‘आणायचं’ मध्ये आतली तारीख लिहायची, न्यायालयाची लिहू नये. ‘१२ तारखेपर्यंत मूळ खरेदीखत घेऊन ऑफिसात’ असं. बरेच वयस्कर पक्षकार वाचत नाहीत. त्यांच्या घरातल्या कोणाला कळवायचं, त्याची लेखी संमती आणि नंबर पहिल्याच दिवशी वकीलपत्रासोबत घ्यावा. प्रकरणातली माहिती परस्पर नातेवाइकाला सांगणं बरोबर नाही. वाटपाच्या दाव्यात तर तो नातेवाईक उद्या समोरच्या बाजूला असू शकतो.

फोनला वेळ ठरवून द्या, समजा सायंकाळी ६.३० ते ७.३०, आणि ती वेळ खरोखर पाळा. पाळली नाही तर लोक परत दिवसभर करतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

---

पुकारा

एआयबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मसुद्याचा सांगाडा, लांब इंग्रजी निकालाचा गोषवारा, घटनाक्रमाचा तक्ता यांत वेळ वाचतो. निवाड्यांचे संदर्भ मात्र ही साधनं रचून देतात आणि ते खरे दिसतात. न्यूयॉर्कमध्ये ‘माटा विरुद्ध एव्हियांका’ प्रकरणात २०२३ मध्ये असेच अस्तित्वात नसलेले निवाडे दाखल केल्याबद्दल वकिलांना ५००० डॉलरचा दंड झाला. ऑफिसात एकच नियम करा: ज्या निवाड्याची पीडीएफ प्रकरणाच्या फोल्डरमध्ये नाही आणि परिच्छेद क्रमांक लिहिलेला नाही, तो अर्जात जाणार नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या संकेतस्थळावर मोफत आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या तटस्थ क्रमांकात वर्ष, बीएचसी, मग बाजू किंवा खंडपीठाची अक्षरं आणि अनुक्रम असतो, त्यावरून मूळ निकाल दोन मिनिटांत तपासता येतो.

मराठी भाषांतरात ठरलेले शब्द बिघडतात. ‘इश्यू’ला मुद्दाऐवजी समस्या, ‘चार्ज’ला दोषारोपाऐवजी शुल्क, ‘एक्झिक्यूशन’ला दरखास्तीऐवजी अंमलबजावणी किंवा थेट फाशी. १५० शब्दांची ऑफिसची शब्दसूची करून प्रत्येक वेळी सोबत द्या आणि तरीही ओळ-ओळ वाचा.

---

दप्तरी

आणि पक्षकाराची कागदपत्रं मोफतच्या साधनांत चढवू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ खाली पक्षकार आणि वकील यांच्यातल्या संभाषणाची गोपनीयता कारकून आणि कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. टायपिस्टने ‘जरा भाषा नीट करून दे’ म्हणून अख्खी कैफियत कुठेतरी टाकली, तर जबाबदारी ऑफिसचीच. नावं, गट नंबर, रकमा काढून टाकूनच वापरायचं, हे लेखी देऊन सही घ्या. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायव्यवस्थेसाठी एआयचं धोरण आणलं, त्यातही गोपनीयता आणि माणसाने केलेली पडताळणी यांवरच भर आहे.

विकत घ्यायच्या सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात: सगळी माहिती एका साध्या तक्त्यात बाहेर काढता येते का, हे पैसे देण्याआधी स्वतः करून पाहा. येत नसेल तर घेऊ नका.

सगळ्या फाइलींच्या प्रती तीन: संगणकावर एक, ऑनलाइन एक, आणि आठवड्याला एकदा जोडून परत काढून ठेवायच्या डिस्कवर एक. एकट्या ऑनलाइन जुळवणीवर (सिंकवर) विसंबू नका. इथे पुसलेली फाइल तिथेही पुसली जाते. महिन्यातून एकदा डिस्कवरच्या कोणत्याही पाच फाइली उघडून पाहा.

---

सातबारा

मोहोर, एक विचारायचं आहे. व्हॉट्सॲपचे संदेश, रेकॉर्डिंग पुराव्यात द्यायचं असेल तर ऑफिसने पहिल्या दिवशी काय करावं? प्रमाणपत्राच्या वेळी फार ओढाताण होते.

---

मोहोर

१ जुलै २०२४ पासून इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४)चं प्रमाणपत्र अनुसूचीतल्या नमुन्यात लागतं. भाग ‘अ’ पक्षकाराचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा. दोन्हींत फाइलीचा हॅश (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला, ठशासारखा आकडा) आणि तो कोणत्या पद्धतीने काढला ते लिहायचं असतं. त्यामुळे फाइल हाती आली त्याच दिवशी हॅश काढून मुदतीच्या वहीशेजारी नोंदवा. विंडोजमध्ये सर्टयूटिल ही आज्ञा आधीपासूनच असते, तिला एसएचए-२५६ सांगितलं की ६४ अक्षरांचा आकडा मिळतो. फाइलीतलं एक अक्षर बदललं तरी तो आकडा पूर्ण बदलतो. म्हणून मूळ फाइल फक्त वाचता येईल अशी करून ठेवा, आणि लिप्यंतर करायला, ऐकायला, कापायला तिची प्रत घ्या.

फोटो आणि रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवरून साधं पुढे पाठवून घेऊ नका. फोटो दाबला जातो आणि कधी, कोणत्या यंत्राने घेतला ही आतली माहिती निघून जाते. पेन ड्राइव्हवर किंवा केबलने घ्या, ते जमलं नाही तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. संभाषण निर्यात करताना दोन्ही प्रती घ्या, माध्यमांसह आणि माध्यमांशिवाय. पडद्याचे फोटो घेतलेत तर समोरच्याचा नंबर दिसणारं पान त्यात हवंच. नाव सेव्ह केलेलं असलं की फक्त ‘दादा’ एवढंच दिसतं.

आणि पक्षकाराला त्याच दिवशी लेखी सांगा: हा फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, व्हॉट्सॲप काढून परत टाकू नका. फोनचं मॉडेल, दोन्ही आयएमईआय आणि रंग लिहून घ्या. भाग ‘अ’मध्ये यंत्राचा तपशील भरावा लागतो, आणि दोन वर्षांनी तो फोन घरात कोणाकडे गेला हे कोणालाच आठवत नसतं.